हवेतून आलेला हुकूम नेमका कुणाचा?

चोपडा आणि यावल तालुक्यांच्या केळीच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार चालू करण्यासाठी रात्री-बेरात्री शेतात जाणे आता पुष्कळच कमी झाले आहे. थ्री फेजची लाइट कधी दिवसा मिळते, कधी रात्री, आणि ती आली की घरबसल्या मोबाईलवरून किंवा हातातल्या छोट्या रिमोटवरून मोटार चालू करता येते. अंधारात, पावसापाण्यात, साप-विंचवाच्या भीतीने बांधावरून चालणाऱ्या माणसाला ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि घरची शेती भाऊ पाहतो, त्यामुळे मोटारीला जोडलेल्या, हुकूम घेणाऱ्या या पेट्या बिघडल्या की माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि नव्या घ्यायच्या असल्या की लोक सल्ल्यालाही येतात. पल्ला किती, सिम कोणते चालेल, किंमत किती, हे सगळेच विचारतात. पेटीपर्यंत पोहोचलेला हुकूम आपलाच आहे हे ती पेटी कशावरून ठरवते, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे, आणि म्हणून तो मला इथे नीट मांडायचा आहे.

तारेने जोडलेल्या स्विचला ओळखीची अडचण नसते, कारण तार जिथून निघते तिथे कोण उभे आहे हे डोळ्यांना दिसते. रेडिओलहरींचे तसे नाही. ग्राहक यंत्राच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, अँटेनात जे काही येते ते आसपासच्या सर्व प्रेषकांच्या लहरींची बेरीज असते आणि त्या लहरींवर कुणाचे नाव कोरलेले नसते. संदेशात जे नाव, जो क्रमांक किंवा जो पत्ता असतो तो पाठवणाऱ्याने स्वतःच लिहिलेला असतो, म्हणजे तो एक दावा असतो. वाय-फायचा मॅक पत्ता, विमानाचा २४ बिटांचा संकेतांक, फोनच्या पडद्यावर उमटणारा कॉल करणाऱ्याचा नंबर, हौशी रेडिओचालकाचे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे संकेतनाम (कॉल साइन), हे सगळे दावेच आहेत. रात्री दारावर थाप पडते, आतून ‘कोन शे?’ असे विचारले जाते आणि बाहेरचा माणूस नाव सांगतो. तेव्हा कडी निघते ती नावामुळे नव्हे, आवाज ओळखीचा असतो म्हणून. यंत्राला हा आवाज कसा ओळखू द्यायचा, हाच या विषयाचा गाभा आहे.

बिनतारी संदेशवहनाच्या अगदी बाल्यावस्थेतच हा प्रश्न चारचौघांत उभा राहिला होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग हे मार्कोनींच्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवणार होते आणि स्वतः मार्कोनी कॉर्नवॉलमधल्या पोल्डू येथून संदेश पाठवणार होते. ठरावीक वारंवारतेला जुळवून घेतल्यामुळे आपल्या संदेशात दुसरा कोणी ढवळाढवळ करू शकत नाही, असा मार्कोनींचा दावा होता. अपेक्षित संदेश यायच्या आधीच यंत्रातून ‘रॅट्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला आणि पाठोपाठ मार्कोनींची टिंगल करणाऱ्या काव्यपंक्ती येऊ लागल्या. पाठवणारा होता नेव्हिल मॅस्केलिन, व्यवसायाने जादूगार आणि बिनतारी तंत्राचा जाणकार. त्याने जवळच एक साधा प्रेषक उभा केला होता. वारंवारता जुळली म्हणजे प्रेषक ओळखला असे होत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. मला खंत वाटते ती अशी की आज आपल्या शेतात बसणाऱ्या अनेक स्वस्त रिमोट-संचांनी त्या दिवसाच्या पुढे फारशी मजल मारलेली नाही.

आमच्याच शेताची गोष्ट सांगतो. विहिरीने तळ गाठला होता म्हणून भावाने मोटार बंद ठेवली होती, तरीही ती एका संध्याकाळी आपोआप चालू झाली, कोरडी चालली आणि वाइंडिंग जळाले. शेजारच्या शेतातले आप्पा त्याच वेळी आपली मोटार चालू करत होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून घरी आले आणि म्हणाले, “सर, मी ते मनी मोटार चालू करी, तुमनी कसकाय चालू व्हयनी?” आप्पांचा प्रश्न अगदी नेमका होता. दोघांचे रिमोट-संच एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेले होते. मी दोन्ही रिमोट उघडले. आत अठरा पायांची एक जुन्या पद्धतीची, पाठवायचा संदेश तयार करणारी एन्कोडर चिप होती आणि तिच्या आठ पायांशेजारी तांब्याचे बारीक ठिपके होते. प्रत्येक पायाचा ठिपका वरच्या पट्टीला जोडता येतो, खालच्या पट्टीला जोडता येतो किंवा मोकळा ठेवता येतो. अशा तीन अवस्था आणि आठ पाय म्हटल्यावर ३ चा आठवा घात, म्हणजे एकूण ६,५६१ पत्ते होतात. दोन्ही रिमोटमध्ये एकाही ठिपक्यावर कथिल लागलेले नव्हते. आठही पाय मोकळे, म्हणजे दोघांचा पत्ता एकच. पत्ते बदलून घेतल्यावर आप्पांचे बटण आमच्या मोटारीला लागू पडेनासे झाले आणि तेवढ्यापुरता तंटा मिटला.

परंतु पत्ता बदलणे म्हणजे ओळख पटवणे नव्हे. हा रिमोट दर वेळी अक्षरशः तोच संदेश पाठवतो. जो तो एकदा ऐकेल त्याला तो जसाच्या तसा पुन्हा पाठवता येतो, आणि त्यासाठी त्यातला अर्थ समजण्याचीही गरज नसते. ६,५६१ च्या जागी काही लाख पत्ते असलेल्या चिपाही बाजारात आहेत. एका प्रकारात कारखान्यातच २० बिटांचा क्रमांक भाजून दिलेला असतो, म्हणजे सुमारे साडेदहा लाख शक्यता. त्यामुळे शेजाऱ्याशी अपघाताने टक्कर होण्याची शक्यता नगण्य होते, पण मुद्दाम नक्कल करणाऱ्यापुढे ही संख्या कितीही मोठी असली तरी उपयोगाची नाही, कारण त्याला अंदाज बांधायचा नसतो, केवळ ऐकायचे असते. अपघाती गोंधळ टाळणे आणि तोतयाला रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि माहितीपत्रकात ‘युनिक कोड’ असे छापून पहिल्याचे आश्वासन दुसऱ्याच्या नावाने खपवले जाते, याची मला मनापासून चीड येते.

मोबाईलवर चालणारा स्टार्टर याहून पुष्कळ बरा, असे बहुतेकांना वाटते. त्यात सिम असते, मालकाचा नंबर आत नोंदवलेला असतो आणि त्या नंबरावरून मिस्ड कॉल आला की मोटार चालू होते, त्यामुळे खर्चही होत नाही. आत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पेटीतला मोडेम आलेल्या कॉलचा नंबर एका ओळीत मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे पेटीतल्या छोट्या संगणक-चिपला, कळवतो, मायक्रोकंट्रोलर ती ओळ नोंदवलेल्या नंबराशी ताडून पाहतो आणि अंक जुळले की रिले, म्हणजे मोटार चालू करणारा स्विच, ओढतो. सारी तपासणी एवढीच. आता हा नंबर कुठून आला? आपले सिम आणि आपल्या मोबाईल कंपनीचे जाळे (नेटवर्क) यांच्यात खरीखुरी ओळखपरेड होते, हे मान्य केले पाहिजे. सिममध्ये एक गुप्त चावी, म्हणजे एक लांबलचक गुप्त संख्या, असते आणि ती सिमबाहेर कधीच जात नाही. दुसऱ्या पिढीच्या पद्धतीत (टूजीत) जाळे १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम त्या संख्येवर चावीने क्रिया करून ३२ बिटांचे उत्तर देते आणि जाळ्याकडे असलेल्या प्रतीवरून तेच उत्तर निघाले तरच पुढचे काम सुरू होते. संख्या दर वेळी नवी असल्याने कालचे उत्तर आज चालत नाही. ही रचना सुंदर आहे. मात्र या परेडचा निकाल पेटीपर्यंत पोहोचत नाही. पेटीपर्यंत पोहोचतो तो मधल्या अनेक जाळ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवून पुढे ढकललेला नंबर, आणि त्या साखळीत एक कडी कच्ची असली की नंबर खोटा असू शकतो. परदेशातून येऊनही भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची केंद्र सरकारची यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख बनावट कॉल तिने अडवले. पडद्यावरच्या नंबराला पुरावा मानणे किती धोक्याचे आहे हे समजण्यासाठी एवढा आकडा पुरेसा आहे.

दुसऱ्या पिढीच्या मोबाईल जाळ्यात आणखी एक उणीव आहे आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. जाळे सिमला ओळख विचारते, पण सिम जाळ्याला ती विचारत नाही. त्यामुळे एखाद्याने खोटा टॉवर उभा केला आणि त्याचा संकेत जोरदार असला, तर फोन मुकाट्याने त्याला चिकटतो. २०१० मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात सुमारे १,५०० डॉलरच्या साहित्यातून असा टॉवर उभा करून दाखवण्यात आला होता. तिसऱ्या पिढीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटवली जाऊ लागली, पण फोन जोवर जुन्या पिढीच्या संकेताला प्रतिसाद देतो तोवर ते जुने दार उघडेच राहते. बँकेच्या किंवा सरकारी एसएमएसच्या शीर्षकाच्या शेवटी २०२५ पासून पी, एस, टी, जी अशी अक्षरे येऊ लागली आहेत. संदेश जाहिरातीचा आहे, सेवेचा आहे, व्यवहाराचा आहे की सरकारी, हे त्यावरून कळते आणि ही चांगली सुधारणा आहे. तथापि ही शिस्त कंपन्यांच्या जाळ्यात पाळली जाते. खोट्या टॉवरवरून थेट फोनवर येणाऱ्या संदेशाला ती लागू होत नाही. ज्यांच्या फोनमध्ये टूजी बंद करण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी असे मी आग्रहाने सांगतो.

नक्कल रोखण्याचा पहिला खरा उपाय म्हणजे संदेश दर वेळी नवा करणे. मोटारगाड्यांच्या रिमोटमध्ये हे फार आधीपासून आहे. रिमोट आणि गाडी दोघेही एक मोजणी ठेवतात, बटण दाबले की मोजणी एकाने पुढे जाते, गुप्त चावीने ती सांकेतिक रूपात बदलून पाठवली जाते आणि गाडी मागचा आकडा पुन्हा स्वीकारत नाही. बटण खिशात चुकून दाबले गेले तर मोजणी पुढे गेलेली असते, म्हणून गाडी थोडी पुढची संख्याही चालवून घेते. या पद्धतीने पुष्कळ काम भागते, पण तिचे दोन दोष जगासमोर आले आहेत. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये कीलॉक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीतली उत्पादकाची मुख्य चावी चिपच्या वीजवापराचे मोजमाप करून बाहेर काढली, आणि ती एकदा हाती आल्यावर हवेतले केवळ दोन संदेश ऐकून त्या उत्पादकाच्या कोणत्याही रिमोटची प्रतिकृती करता येते हे दाखवले. एका चावीवर सगळ्या गिऱ्हाइकांची भिस्त ठेवली की असेच व्हायचे. दुसरा दोष सॅमी कामकर यांनी २०१५ मध्ये दाखवला: ग्राहक यंत्रापर्यंत संदेश पोहोचू न देता तो अडवून जपून ठेवला, तर तो न वापरलेला, म्हणजेच अजून वैध, संदेश नंतर वापरता येतो. मोजणीला क्रम कळतो, वेळ कळत नाही, हे यामागचे कारण. म्हणून जिथे दोन्ही बाजूंना बोलता येते तिथे सिमसारखीच पद्धत वापरावी. पेटीने नवी संख्या विचारावी, रिमोटने तिचे उत्तर द्यावे आणि उत्तराला काही क्षणांचीच मुदत असावी.

इथपर्यंतचे सारे उपाय ‘गुपित कोणाकडे आहे’ यावर उभे आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र दुसराच मार्ग अधिक भुरळ घालतो आणि मलाही त्याचे आकर्षण आहे: प्रेषक यंत्राच्या घडणीतल्या दोषांवरून त्याला ओळखणे. मोर्सच्या काळात अनुभवी तारबाबू पलीकडच्या माणसाला त्याच्या हातावरून ओळखत. टिंब आणि रेघ यांच्या लांबीचे प्रमाण, दोन अक्षरांमधला थांबा, एखाद्या अक्षराची घाई, हे सारे ज्याचे त्याचे असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रूच्या चालकांचा हात आणि त्यांच्या प्रेषकांच्या लहरींचे आकार, या दोन्हींची पद्धतशीर नोंद ठेवून जहाजांचा आणि तुकड्यांचा माग काढला. आज चालकाचा हात उरला नाही, पण यंत्राचा हात उरला आहे. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच नमुन्याचे बनलेले दोन प्रेषक कधीही तंतोतंत सारखे नसतात. स्फटिकाची वारंवारता किंचित इकडे-तिकडे असते, प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) चालू होताना लहर वेगळ्या वळणाने चढते, वाहक लहरीच्या दोन घटकांचा समतोल थोडा बिघडलेला असतो. वाय-फायच्या नियमांनुसार २,४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वारंवारतेत १० लाखांत २५ भागांची चूक चालते. म्हणजे ही चूक ६० किलोहर्ट्झपर्यंत जाते, आणि त्याच मोकळीकीत प्रत्येक यंत्र आपला ठसा उमटवत असते.

पत्ते बदलण्याआधी आप्पांचा आणि आमचा असे दोन्ही रिमोट मी प्रयोगशाळेत नेले होते. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला एक स्वस्त यूएसबी डोंगल २०१२ पासून जगभरचे हौशी लोक रेडिओग्राहक म्हणून वापरतात, तो लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही रिमोटची बटणे आळीपाळीने दाबली. पत्ता तोच, बिटांचा क्रम तोच, पण पडद्यावरच्या दोन उभ्या रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत. एक ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या जरा डावीकडे, दुसरी जरा उजवीकडे, मध्ये सुमारे ३० किलोहर्ट्झचे अंतर. अशा स्वस्त रिमोटमधल्या, वारंवारता ठरवणाऱ्या रेझोनेटरला ७५ किलोहर्ट्झपर्यंतची चूक माफ असते, त्यामुळे यात नवल काही नाही. पुढे स्पंदनांची लांबी मोजली तर तीही वेगळी निघाली, कारण एन्कोडर चिपचा वेग एका साध्या रोधावर (रेझिस्टरवर) ठरतो आणि कोणतेही दोन रोध सारखे नसतात. यंत्राच्या मते हे दोन संदेश एकच होते. पडद्यावर पाहणाऱ्याला मात्र ते दोन वेगळ्या हातांचे आहेत हे शंभर टक्के कळत होते. वर्गातल्या एका मुलीने दोन्ही रिमोट पाठीमागे धरून आलटून पालटून दाबले आणि बाकीच्या मुलांनी कोणता रिमोट दाबला हे दर वेळी अचूक सांगितले.

या मार्गावर गंभीर संशोधन झाले आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एकाच बनावटीची १३० हून अधिक वाय-फाय कार्डे केवळ त्यांच्या लहरींमधल्या दोषांवरून ९९ टक्क्यांपेक्षा अधिक अचूकतेने ओळखली. त्यानंतर या क्षेत्रात यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) पद्धती आल्या आणि दर वर्षी नवे निबंध येत आहेत. तरीही प्रयोगशाळेतली ही अचूकता शेतात टिकेल असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे पहिले कारण आपल्याच हवेत आहे. जानेवारीतल्या पहाटेची थंडी आणि मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा, या दोन्हींत पत्र्याच्या पेटीतला तोच स्फटिक तसाच वागत नाही. बॅटरी उतरली की लहर बदलते. रिमोट हातात घट्ट धरला की अँटेनाचा भार बदलतो. ठसा जानेवारीत घेतला आणि मेमध्ये ताडला, तर खऱ्या मालकालाच दार बंद होण्याची शक्यता असते, आणि निकष सैल केले तर परका आत येतो. दुसरे कारण असे की ठसा वाचणारे ग्राहक यंत्रही सदोषच असते. एका ग्राहकाने शिकलेला ठसा दुसऱ्या ग्राहकावर जसाच्या तसा लागू पडत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे लहरीची उच्च दर्जाची नोंद करून ती तशीच्या तशी परत सोडणारी उपकरणे आहेत, आणि त्यांच्यापुढे ठसाही फसू शकतो हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. माझे मत असे बनले आहे की रेडिओ-ठसा हा साक्षीदार म्हणून उत्तम, पण न्यायाधीश म्हणून नको. चावीने ओळख पटल्यावर ठसाही जुळला तर विश्वास वाढावा, आणि ठसा एकाएकी बदलला तर नोंद व्हावी. निव्वळ ठशावर रिले ओढला जाऊ नये.

प्रेषक कुठे आहे यावरूनही काही पडताळणी होते. खान्देशावरून जाणारी प्रवासी विमाने आपले स्थान, उंची आणि २४ बिटांचा संकेतांक १,०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात आणि आमचे विद्यार्थी तोच डोंगल वापरून ती माहिती गच्चीवरून वाचतात. त्या संदेशात कसलीही सही, म्हणजे गुप्त चावीने काढून संदेशाला जोडलेला पडताळणीचा आकडा, नसते. पण तोच संदेश अनेक ग्राहक यंत्रांनी ऐकला तर पोहोचण्याच्या वेळांमधल्या फरकावरून विमानाची जागा स्वतंत्रपणे काढता येते, कारण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. सांगितलेली जागा आणि काढलेली जागा यांत तफावत आली की संशयाला कारण मिळते.

उपग्रहांचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण तिथे एक प्रेषक आणि अब्जावधी ग्राहक असतात. प्रत्येकाला गुप्त चावी दिली तर ती गुप्त राहणार नाही. आपल्याकडे ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतात उभा राहून मोबाईलवरून पिकाची नोंद करतो, फवारणीचे ड्रोन ठरवलेल्या ओळींवरून उडतात, आणि या सगळ्याचा आधार असलेला जीपीएसचा नेहमीचा नागरी संकेत कोणतीही सही घेऊन येत नाही. वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो संकेत इतका क्षीण असतो की जवळचा एखादा छोटा प्रेषकही त्याला झाकून टाकू शकतो. युरोपच्या गॅलिलिओ यंत्रणेने यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. उपग्रह आधी संदेश आणि त्याची सही पाठवतो, आणि ज्या चावीने ती सही केली ती चावी थोड्या वेळाने सर्वांना उघड सांगतो. चावी उघड होण्याआधीच संदेश पोहोचलेला असल्याने मधल्या काळात कोणी खोटी सही करू शकत नाही, आणि उघड झालेली चावी पुढच्या संदेशांना चालत नाही. जुलै २०२५ मध्ये ही सेवा अधिकृतपणे सुरू झाली. गुपित कायमचे जपण्याऐवजी ते थोडा वेळ जपले तरी पुरते, ही कल्पना शिकवताना वर्ग अगदी एकाग्र होतो.

आता तपासणी असूनही तिचा उपयोग केला नाही तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण सांगायलाच हवे. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिशांचा डच रेडिओचालक ह्यूबर्ट लाउवर्स हा नेदरलँड्समधल्या हेग शहरात जर्मनांच्या हाती सापडला आणि त्याच्याकडून लंडनला संदेश पाठवून घेतले जाऊ लागले. अशा प्रसंगासाठी खूण आधीच ठरलेली होती: खऱ्या संदेशात ठरावीक जागी मुद्दाम चूक करायची, आणि पकडले गेल्यास ती करायची नाही. लाउवर्सने ती चूक करणे थांबवले. लंडनमध्ये खूण गायब असल्याचे दिसत होते, तरी संदेश खरे मानले गेले आणि हवाई छत्रीने नवे हेर पाठवणे चालू राहिले. १९४४ पर्यंत चाललेल्या या प्रकारात पन्नासहून अधिक हेर उतरताक्षणीच पकडले गेले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. खूण निर्दोष होती, ती पाठवणारा प्रामाणिक होता. दोष घेणाऱ्यांचा होता. मी तपासलेल्या एका महागड्या पंप-नियंत्रकात असेच आढळले. संदेशावर सही होती, ती चुकली तर पेटी नोंदवहीत एक ओळ लिहीत असे, आणि तरीही मोटार चालू करत असे, म्हणे गिऱ्हाइकाची गैरसोय होऊ नये म्हणून. अशा सहीला मी तपासणी म्हणू शकत नाही.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाजवळ राहणाऱ्यांना पोलंडमधली घटना लवकर समजेल. तिथे जुन्या रेडिओवर ठरावीक तीन सूर वाजले की आसपासच्या गाड्यांना आपोआप ब्रेक लागतो, आणि ते सूर कोणीही वाजवू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कोणीतरी ते वाजवले आणि सुमारे वीस गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या सुरांत गुप्त ठेवण्यासारखे काही नव्हते, आणि ते गुप्त ठेवून भागलेही नसते. बऱ्याच लोकांच्या मनात गुप्तता आणि ओळख यांची सरमिसळ होते. मोटार चालू करण्याचा हुकूम साऱ्या गावाने ऐकला तरी काही बिघडत नाही, तो दुसऱ्या कोणाला देता येऊ नये एवढेच हवे असते.

हेच धरून आम्ही महाविद्यालयात एक साधा संच बांधला. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे, त्यावर लोरा या कमी शक्तीत दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ पद्धतीचे मोड्यूल बसवले. रिमोटचे बटण दाबले की पेटी आठ बाइटांची नवी यादृच्छिक संख्या पाठवते, रिमोट हुकूम आणि ती संख्या यांच्यावर एईएस-१२८ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने सही करून परत पाठवतो, आणि दोन सेकंदांत बरोबर सही आली नाही तर पेटी काहीच करत नाही. हुकूम उघडाच जातो. सही करायला साध्या आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरला काही मिलिसेकंदच लागतात, त्यामुळे ‘स्वस्त यंत्राला हे झेपत नाही’ हे कारण मला पटत नाही. यादृच्छिक संख्या खरोखर यादृच्छिक असणे मात्र फार महत्त्वाचे आहे. लाइट जाऊन आली की पेटी नव्याने सुरू होते, आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे सर्वांना ठाऊक आहे; दर वेळी तीच संख्यामाला पहिल्यापासून सुरू झाली तर सगळी मेहनत वाया. म्हणून अँटेनावरच्या गोंगाटातून संख्यामालेचे बीज, म्हणजे तिची सुरुवातीची संख्या, घेतो आणि शेवटची मोजणी कायम स्मृतीत लिहून ठेवतो.

नवा स्टार्टर किंवा रिमोट घेणाऱ्यांना मी आता दुकानात एक प्रयोग करायला सांगतो. दोन संच मागवावेत, एकाच्या रिमोटने दुसरा चालतो का ते पाहावे, आणि बटण दर वेळी दाबल्यावर जाणारा संदेश बदलतो की तोच राहतो हे विक्रेत्याला विचारावे. मोबाईल-स्टार्टर असेल तर नुसत्या मिस्ड कॉलवर चालू होण्याची सोय बंद ठेवून कॉल लागल्यावर पिन मागण्याची सोय चालू करावी. बऱ्याच पेट्यांमध्ये ती असते, पण कारखान्यातून बंद येते, आणि आतला पिन बहुधा १२३४ असतो. तो त्याच दिवशी बदलावा.

आमच्या संचात अजून एक काम बाकी आहे आणि ते इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा शेतीच्या रिवाजाशी अधिक निगडित आहे. एका पेटीला मालक, त्याचा भाऊ, मुलगा आणि सालदार असे चार रिमोट लागतात. चौघांना एकच चावी दिली तर एक रिमोट हरवला की चारही बदलावे लागतात, म्हणून प्रत्येक रिमोटला स्वतंत्र चावी दिली आहे आणि पेटी कोणाच्या हुकमावरून मोटार चालली हेही लिहून ठेवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते आणि नवा गडी येतो तेव्हा जुन्याची चावी पेटीतून काढून नव्याची घालणे हे शेतकऱ्याला लॅपटॉपशिवाय, विहिरीवर उभ्या उभ्या जमले पाहिजे. सध्या पेटीचे कुलूप उघडून आतले लाल बटण पाच सेकंद दाबायचे आणि मालकाच्या रिमोटने दुजोरा द्यायचा, अशी रीत ठरवली आहे. भावाला ती जमली, आप्पांनाही जमली. येत्या आखाजीला शेजारच्या दोन-तीन शेतांत ती वापरून पाहायची आहे, तेव्हा सालदार बदलण्याच्या गडबडीत लोक ती खरोखर पार पाडतात की जुनी चावी तशीच आत राहू देतात, हे कळेल.